कापसाच्या खोलीतला इक्वलायझर

बायकोने इक्वलायझरची पिन काढली, तरी मी मान डोलवतच राहिलो.

डोळे मिटलेले होते. जिनिंग मिलमधून आल्यावर ते उघडे ठेवण्याइतकी ताकद माझ्यात उरत नाही. घरच्यांना मात्र वाटतं की मी गाण्यात रमलोय, आणि हा समज मी कधी दूर केलेला नाही. स्वयंपाकघरातल्या बोर्डाला मिक्सर लावला की घरभर दिवे मिचमिचतात, म्हणून चटणी वाटायची झाली की बायको मिक्सर उचलून समोरच्या खोलीत आणते. त्या संध्याकाळीही आणला. एक्स्टेन्शनवर जागा नव्हती. हाताला लागली ती पिन तिने काढली, आणि लसूण सोलत दारात बसली.

मिक्सरच्या भांड्यावर झाकण आपटलं तेव्हा मी डोळे उघडले. इक्वलायझरच्या, म्हणजे गाण्यातले जाड-बारीक आवाज कमीजास्त करणाऱ्या त्या डब्याच्या, तोंडावरचे हिरवे दिवे, जे एरवी गाण्याबरोबर वरखाली नाचतात, ते विझलेले होते.

"अवं, बंद केलं ना!" मी म्हटलं. "पाय, कसा बोदा झाला आवाज. टाळ गेला पूर्ण."

तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पिन त म्या मघाच काढली," ती म्हणाली. "लसूण सोलाच्या आंधी. मंग इतका वेळ तुमी कायले मान हालवून राह्यले होते?"

मी उठलो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकलो. वाकताना कंबरेने आवाज केला, तो मात्र मला ऐकू आला. वायरी जागेवर होत्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला टेपसाठी दोन जोड्या भोकं असतात. एका जोडीतून गाणं बाहेर जातं, दुसरीतून आत येतं. इक्वलायझर या दोघांच्या मधे बसवायचा, म्हणजे गाणं त्याच्यातून फिरून येतं. ते मी नीट केलं होतं. फक्त अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडावर 'टेप' असं लिहिलेलं एक बटण आहे, ते दाबलं नव्हतं. आमचा टेप डेक मरून कैक वर्षं झाली. घरात टेपच नाही तर टेपचं बटण कोण दाबेल? पण ते दाबल्याशिवाय फिरून आलेलं गाणं स्पीकरपर्यंत पोचत नाही. म्हणजे इतके दिवस गाणं डब्याकडे जात होतं, डबा त्याच्यावर मन लावून काम करत होता, दिवे नाचवत होता, आणि केलेलं काम परत यायच्या दाराला कडी होती. माझ्या नोकरीचंही थोडंफार असंच आहे, पण ते असो.

वाईट याचं वाटलं की एवढ्या दिवसांत मी रोज त्या डब्याचे आकडे वरखाली करत होतो. रोज तिला हाक मारून बसवत होतो. "आता आयक. आता कसं वाटते?" ती पदराला हात पुसत यायची, थोडं ऐकायची, आणि "चांगलं हाय जी" म्हणून पोळी करपायच्या आत परत जायची. तिच्या बाजूने ती खरंच बोलत होती. गाणं पहिल्यासारखंच चांगलं होतं.

हा इक्वलायझर मी हैदराबादहून मागवला तो एका गोष्टीच्या पुराव्यासाठी. मला सिद्ध करायचं होतं की बिघाड सिस्टीममध्ये आहे, माझ्या कानात नाही.

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं एक भजन मी तरुणपणी स्वतः टेपवर घेतलं होतं. आता ते पेनड्राइव्हवर आहे. त्यात टाळ वाजवणारा गडी जरा उतावीळ होता. दर वेळी तो पखवाजाच्या अर्धा पाऊल पुढे असायचा. ते भजन मी इतक्यांदा ऐकलंय की टाळ कुठे पडणार ते मला झोपेतही सांगता येईल. तर या गणपतीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की टाळ पडतच नाही. पखवाज आहे, पेटी आहे, गाणाऱ्यांचे गळे आहेत, आणि टाळाच्या जागी नुसती जागा. कधीकधी वाटायचं की आहे, आणि मग कळायचं की तो मीच डोक्यात वाजवतोय.

मी स्पीकर उघडले, बारीक आवाज काढणारे वरचे छोटे भोंगे फुंकर मारून साफ केले, वायरी बदलल्या. बायको म्हणाली, "एकदा कान दाखवून या ना आदिलाबादले." मी म्हटलं, स्पीकर जुने झाले. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा स्पीकरचं वय सांगितलं. माझं वय तिने विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

माझी नोकरी आदिलाबादच्या एका जिनिंग मिलमधे आहे, सुपरवायझरची. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं एका लांब हॉलमधे दोन रांगांत उभी असतात, आणि हंगामात ती सगळी एकदम चालतात. त्या हॉलमधे कोणी बोलत नाही. हातांनी बोलतात. बोट फिरवलं की मशीन बंद कर, तळवा सपाट केला की गाडी आली, कानाची पाळी ओढली की मालक आला. कानात घालायला मिलने बोंडं दिलेली आहेत, स्पंजची. ती कुठेतरी खोक्यात आहेत. आम्ही रुई घालतो. सगळीकडे तीच उडत असते, हात पुढे केला की मूठभर येते. मग स्पंज शोधायला कोण जाईल? रुईने आवाज थांबत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तरी घालतो. काहीतरी घातल्याचं समाधान असतं.

त्या हॉलमधे एक म्हातारा फिटर आहे. त्याच्याशी आता बाहेरही कोणी तोंडाने बोलत नाही. चहाच्या टपरीवर सगळे गप्पा मारत असतात, तेलुगूत, उर्दूत, आपल्या बोलीत, आणि तो मधे बसलेला असतो. कोणी त्याच्याकडे वळलं तर फक्त हात करतं: चहा? गाडी आली. चल. सगळं कामाचं. इतक्या वर्षांत कोणी त्याला एखादा विनोद हातांनी सांगितलेला मी पाहिला नाही.

मला कानांची काळजी होती ती एवढ्यासाठी. टाळ गेला तर गेला. पण माझ्या पुतणीची सोयरीक ठरल्याचं मला कळलं ते दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ट्रॅक्टरवाल्याला सांगत होता तेव्हा. घरी येऊन बायकोला विचारलं तर म्हणाली, "सांगतलं होतं तुमाले." सांगितलं असेल. हल्ली तिचं माझ्याशी बोलणं आखूड झालं होतं. जेवता का. पाणी भरलं. बिल आलं. पूर्वी ती भाजी निवडताना अख्ख्या गल्लीची हकीकत सांगायची आणि मी कंटाळायचो. आता कंटाळायला काही मिळत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की यंत्राकडूनच वदवून घ्यायचं.

टेपचं बटण दाबल्यावर खरं काम सुरू झालं. त्या इक्वलायझरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो आपण बसतो त्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग डबा स्पीकरमधून स्वतःच एक फुसफुसाट सोडतो, मायक्रोफोनने तो ऐकतो, खोली कुठला सूर गिळते आणि कुठला फुगवते ते मोजतो, आणि त्या हिशोबाने सगळं सपाट करून देतो. माणसाच्या कानाचा संबंध नाही. मला हेच हवं होतं. बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की मोजताना खोली नेहमी असते तशी असावी.

आमची खोली नेहमी असते तशीच होती. म्हणजे कापसाने भरलेली.

आमच्याकडे, महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरच्या या गावांत, वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो आणि भाव चढेपर्यंत घरातच राहतो. शेती दादा पाहतो. त्याच्या बाजूला टिनाचं छत आहे, माझ्या बाजूला स्लॅब, म्हणून कापूस माझ्या समोरच्या खोलीत ओततात. दिवाळीनंतर आमचा सोफा दिसत नाही. तो आहे, आत कुठेतरी. पाहुणा आला तर कापसावर बसतो आणि उठताना पाठीला रुई घेऊन जातो. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक पायवाट उरते, आणि या वर्षी एक छोटी ओसाड जागा माझी: खुर्ची, अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर. भिंती कुठे दिसत नव्हत्या. तिन्ही बाजूंना पांढरे उतार, जवळजवळ पंख्यापर्यंत. दादाची एकच अट होती.

"लहान्या, वायरी कापसापासून दूर ठेव. ठिनगी उडाली त वरीस गेलं आपलं."

"ठिनगी नाई उडत दादा याच्यात. हे डिजिटल हाय."

"डिजिटलले आग लागत नाई का?"

मी वायरी दूर ठेवल्या.

रविवारी दुपारी मी पंखा बंद केला, बायकोला म्हटलं की थोडा वेळ भांडी वाजवू नको. खुर्चीवर पाट, पाटावर पिठाचा डबा, डब्यावर मायक्रोफोन. बटण दाबलं आणि मी कापसाला टेकून खाली बसलो. स्पीकरमधून आवाज निघाला. भारदस्त, गोल आवाज, मिलमधला मोठा ब्लोअर दुरून ऐकावा तसा. मला तर गुंगीच यायला लागली.

तेवढ्यात दादा दारातून आत घुसला. हातात काठी, पायात एकच चप्पल.

"हालू नको!" तो म्हणाला. "बसल्या जागी बस. कुठी हाय?"

"काय कुठी हाय?"

"साप! इतका मोठ्यानं फुत्कारून राह्यला, अंगनापर्यंत आयकू येऊन राह्यलं, अन् तू त्याच्या संग टेकून बसला!"

कापसाच्या ढिगात साप निघतो, हे खरं आहे. मी हात वर करून सांगू लागलो की हा स्पीकर आहे. पण काठी ढिगात दोनदा खुपसून झाली होती आणि कापसाचा एक उतार हळूच सरकून माझ्या मांडीवर आला होता. मागून बायको आली. भासऱ्यांपुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, ती एरवी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय येत नाही. तेव्हा पदर खांद्यावर होता आणि हातात चिमटा.

"मले वाटलं कुकरची शिटी फुटली," ती म्हणाली.

"मशीन हाय हे," मी म्हटलं. "खोली मोजून राह्यलं."

दादाने काठी खाली केली. "खोली मोजाले टेप भेटत नाई का बाजारात?"

तो गेला. मोजणी पहिल्यापासून करावी लागली. मला ब्लोअर वाटला तो आवाज त्याला साप वाटला आणि हिला कुकर, याचा विचार मी तेव्हा केला नाही. माणसं घाबरली की त्यांना काहीही ऐकू येतं, एवढंच म्हणालो स्वतःशी.

दुसऱ्या खेपेला डब्याच्या पडद्यावर एक रेष उमटली. डावीकडे, म्हणजे जाड आवाजांच्या बाजूला, ती बरी होती. उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, ती सरळ खाली गेली होती. घाटातून उतरणाऱ्या रस्त्यासारखी. मी इतका खूश झालो की मांडीवरचा कापूस झटकायचं राहून गेलं.

"हे पाय," मी बायकोला बोलावून म्हटलं. "हे बारीक आवाज. टाळ, बासरी, चिमण्या. या खोलीतच नाईत ते. मशीन सांगून राह्यलं. मले काय आयकू येईन मंग?"

तिने पडद्याकडे पाहिलं. मग तिने कापसाकडे पाहिलं. मला वाटलं, ती पसारा पाहतेय.

"बरं झालं," ती म्हणाली. "मशीनले कयलं."

इक्वलायझरने उजवीकडची सगळी घसरण उचलून वर आणली. भजन लावलं. टाळ आला. लांबून, गल्लीच्या टोकाहून यावा तसा, पण आला. अर्धा पाऊल पुढे, उतावीळ, तसाच. मी ते भजन त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा लावलं. कोणी काही म्हणालं नाही. सगळ्यांना गाणं ठीकच वाटत होतं.

मिलमधे हंगाम जोरात होता. पहाटे जायचं, अंधार पडता पडता यायचं, नाकातोंडात रुई, पायांत गोळे. पण मनावरचं एक ओझं उतरलं होतं. म्हाताऱ्या फिटरच्या शेजारी बसून चहा पिताना मला आता त्याची नुसती दया यायची, भीती नाही. दया ही किती आरामाची गोष्ट आहे, हे तेव्हा कळलं.

घरातलं बोलणं मात्र आखूडच राहिलं. जेवता का. पाणी भरलं. मी स्वतःला सांगितलं की हंगाम आहे, तीही थकलेली आहे. ती थकलेली होतीच. कशाने, ते मला माहीत नव्हतं.

संक्रांतीनंतर भाव वर गेला आणि दादाने कापूस काढला. दिवसभर माणसं टोपल्यांनी गाडी भरत होती. मी मिलमधून आलो तेव्हा खोली रिकामी होती. सोफा सापडला होता. भिंतींवरचा रंग मला नवा वाटला. बायकोने फरशी पुसून घेतली होती आणि पाऊल टाकलं की पावलाचा आवाज भिंतीला लागून परत येत होता.

मी चहा घेतला आणि भजन लावलं.

काय सांगू. टाळ माझ्या कानाशी वाजला. लांबून नाही, गल्लीतून नाही. माझ्या शेजारी तो गडी मांडी घालून बसलाय आणि त्याच्या टाळाच्या कडा एकमेकींवर घासताहेत, तेसुद्धा ऐकू येत होतं. गाणाऱ्यांचे श्वास ऐकू येत होते. मी आवाज आणखी जरा वाढवला. पंचवीस वर्षांचा असताना मी हे असं ऐकलं होतं. माझे डोळे भरून आले. थकलेल्या माणसाचे डोळे लवकर भरतात, त्यात विशेष काही नाही, पण भरले.

"अवं!" मी हाक मारली. "लवकर ये! आयक!"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली ती दोन्ही कानांत बोटं घालून. तोंड असं वेडंवाकडं केलेलं, चिंच चावल्यासारखं. अंगणातून दादा ओरडला. तो काय ओरडला ते मला कळलं नाही, पण मग तोच आत आला आणि थेट माझ्या तोंडाशी येऊन म्हणाला, "पत्र्यावर खिये घासून राह्यला का रे? कुत्रं पयालं तिकडं, म्हैस दूध देईना! बंद कर ते!"

"दादा, टाळ आयक ना. किती साफ."

"टाळ?" दादाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. भासऱ्यांपुढे ती घालतेच, पण ही तशी नव्हती. दादाचा आवाज एकदम खाली आला. "बरं," तो म्हणाला. "साफ हाय. पन थोडं कमी कर." आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. दादा पाठीवर हात ठेवणारा माणूस नाही. वडील गेले तेव्हा ठेवला होता.

मी गाणं बंद केलं. जेवलो. 

दुसऱ्या दिवशी मिलला सुटी होती. दुपारी बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली, तेव्हा मी पाट, पिठाचा डबा आणि मायक्रोफोन पुन्हा मांडला. समजायला मला अख्खी रात्र लागली होती, आणि खरं तर समजायला काही अवघडही नव्हतं. आयुष्य कापसात गेलेला माणूस मी. कापूस आवाज गिळतो हे मला कोणी शिकवायला हवं होतं? मशीनने तेव्हा खोली मोजली नव्हती, दादाचं पीक मोजलं होतं. कापसाने गिळलेलं सगळं त्याने वर उचलून दिलं. कापूस गेला, उचललेलं तसंच राहिलं. म्हणून बाकी सगळ्यांना ते पत्र्यावर खिळा घासल्यासारखं, आणि मला बरोबर. अगदी बरोबर.

फुसफुसाट सुरू झाला. मला पुन्हा ब्लोअरच वाटला.

पडद्यावर रेष आली. डावीकडे एक छोटा उंचवटा, मधे जरासा खड्डा, आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, सपाट. मैदानासारखी. खोलीत काही बिघाड नव्हता. स्पीकरचे छोटे भोंगे, ज्यांच्या म्हातारपणाबद्दल मी इतकं बोललो होतो, ते ठणठणीत होते. मी जुने आकडे पुसून हे नवे ठेवले आणि भजन लावलं. पखवाज आला, पेटी आली, गळे आले. टाळाच्या जागी नुसती जागा.

कापसात लांबून आलेला तो टाळ मीच डोक्यात वाजवला होता. मी ते भजन शेवटपर्यंत ऐकलं. मग ते संपल्यावरही बसून राहिलो. दुःख झालं असं म्हणवत नाही. दुःखाला थोडी ताकद लागते. ट्रॅक्टरमधलं डिझेल संपून तो रस्त्याच्या कडेला उभा राहावा तसं काहीतरी. इतके महिने मी जे ढकलत होतो ते आता ढकलायची गरज नव्हती, आणि हात रिकामे झाल्यावर कळलं की ते किती दुखताहेत.

ती आली तेव्हा मी तसाच होतो. वाण ओट्यावर ठेवून ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. मायक्रोफोन अजून पिठाच्या डब्यावर होता.

"मोजलं?" तिने विचारलं.

"मोजलं."

"मंग?"

"खोली बरोबर हाय. स्पीकर बरोबर हायेत." पुढचं वाक्य इतकं छोटं होतं की एवढ्याशासाठी मी हैदराबादहून डबा मागवला याची मला लाज वाटली. "कान माये गेले."

तिने मायक्रोफोन उचलून बाजूला ठेवला, पिठाचा डबा खाली घेतला, पाट काढला आणि माझ्या समोर फरशीवर बसली. मला वाटलं, आता म्हणेल की मी सांगत होते. तिने ते म्हटलं नाही.

"तुले माहीत होतं," मीच म्हटलं.

"हो जी."

"मंग तू बोलणंच कमी केलं माया संग. सोयरिकीचं बी दादा ट्रॅक्टरवाल्याले सांगत होता तवा समजलं मले."

ती फरशीवरून जरा पुढे सरकली. मग मान वर करून, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलली. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"सोयरिकीचं म्या तुमाले तीनदा सांगतलं. पह्यल्यांदा लय हौसेनं सांगतलं. पोरगा कसा हाय, त्याची माय काय बोलली, सारं. तुमी म्हनले, काय? मंग दुसऱ्यांदा सांगतलं, पोरगा चांगला हाय एवढंच. तुमी पुन्हा म्हनले, काय? तिसऱ्यांदा ओरडून म्हनलं, सोयरीक झाली. तुमी मान हालवली, हं म्हनले. मले तवाच समजलं, का तुमाले कायबी आयकू नाई आलं. एकच गोष्ट तीनदा सांगतली का मंग ते गोष्ट राह्यत नाई हो. हुकूम होते. मी थकली होती बाप्पा. ओरडून ओरडून गंमत कशी सांगाची?"

 आमच्या घरात कोण थकलंय याचा अंदाज माझा पहिल्यापासून चुकत होता. मी समजत होतो की आमच्या घरात मिलमधे एकटा मीच जातो.

अंगणात दादा म्हशीला काहीतरी बोलत होता, बहुधा कालच्या दुधाबद्दल. ती उठली, वाणातले तीळगूळ माझ्या हातावर ठेवले, आणि मी खातोय की नाही ते पाहत उभी राहिली.

"उद्या जातो," मी म्हटलं. "आदिलाबादले. मिलमधून परस्पर जाऊन कान दाखवून येतो. तुले कायले त्रास."

"काई नको परस्पर," ती म्हणाली. "मीच येईन संग. तुमी एकटे गेले, अन् डॉक्टर काई बोलला, त ते आयकन कोन?"